सुरुवात एका ब्लोअरपासून : कारखान्यात मशीन लर्निंग बसवताना

छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय काढतात, तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हाच बहुधा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. आज कोणत्या यंत्राबाबतचा कोणता निर्णय आपल्याला वेळेवर घेता येत नाही, हे आधी ठरवावे. ‘ब्लोअरचे बेअरिंग ऐन शिफ्टमध्ये जाते, ते आठवडी सुट्टीच्या दिवशी बदलता आले पाहिजे’, एवढा नेमका प्रश्न सुरुवातीस पुरेसा आहे. (ब्लोअर म्हणजे मोटरवर चालणारा हवेच्या झोताचा पंखा, आणि बेअरिंग म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या दोन रिंगा व त्यांच्यामधल्या गोळ्या.)

पहिले यंत्र म्हणून पत्रा ठोकून आकार देणारी पॉवर प्रेस निवडू नये. तिच्या प्रत्येक ठोक्याने सगळा सांगाडा हादरतो आणि त्या गोंगाटात बेअरिंगची कुरकूर शोधणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे असते. एकाच वेगाने तासन्‌तास चालणारा पंप किंवा ब्लोअर बरा.

समजा, २ हॉर्सपॉवरच्या चार पोल मोटरच्या शाफ्टवर थेट पंखा बसवलेला आहे आणि मोटरमध्ये ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग आहे. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. या बेअरिंगच्या बाहेरील रिंगवर खड्डा पडला, तर सेकंदाला सुमारे ८६ आघात होतात आणि आतील रिंगवर पडला, तर सुमारे १३०. पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा नियंत्रक संगणक, सेकंदातून एकदा तापमान टिपत असेल, तर त्या नोंदींत यातले काहीच दिसणार नाही. शिवाय बेअरिंगच्या बिघाडाची अगदी सुरुवातीची लक्षणे काही हजार हर्ट्‌झच्या (सेकंदाला काही हजार कंपनांच्या) पट्ट्यात उमटतात, म्हणून सेकंदाला किमान २० हजार नोंदी घेणारा कंपन सेन्सर लागतो. तो बेअरिंगच्या शक्य तितक्या जवळ, रंग खरवडून काढलेल्या सपाट धातूवर घट्ट बसवावा. रंगाच्या जाड थरावर नुसते चुंबक चिकटवले, तर नेमकी ही उच्च वारंवारतेची कंपनेच दबून जातात.

मशीन लर्निंगचे मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून यंत्राची चाल शिकणारा प्रोग्राम, येण्यापूर्वीही एक साधी मर्यादा हाताशी असते. आयएसओ १०८१६ या मानकात (त्याची जागा आता आयएसओ २०८१६ने घेतली आहे) १५ किलोवॉटपर्यंतच्या मोटरच्या कंपनाचा वेग सेकंदाला ४.५ मिलिमीटरच्या वर गेला, तर तो धोकादायक समजत. तेवढ्याने काम भागत असेल, तर मशीन लर्निंगवर खर्च करण्याचे कारण नाही.

खरी मेहनत मेंटेनन्सच्या लॉगबुकात आहे. ‘आवाज येत होता, ठीक केले’ अशा नोंदीतून मॉडेल काय शिकणार? काय बदलले, किती वाजता, कोणत्या टोकाचे बेअरिंग, ग्रीस भरले की नाही, हे फिटरने लिहिलेच पाहिजे आणि त्याचे घड्याळ, पीएलसीचे घड्याळ व सेन्सरचे घड्याळ एकमेकांशी जुळलेले असले पाहिजे. छोट्या कारखान्यात बिघाडाची उदाहरणे मोजकीच मिळतात, त्यामुळे निरोगी चाल शिकून त्यापासूनचा फरक दाखवणारी पद्धत आधी वापरावी. पुरवठादार ९९ टक्के अचूकतेचा दावा करू लागला, तर हजारात दहाच नोंदी बिघाडाच्या असताना ‘सगळे ठीक’ एवढेच म्हणत राहणारे मॉडेलही ९९ टक्के अचूक ठरते, हे त्याला शांतपणे सांगावे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या नोंदींवर तयार केलेले मॉडेल मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की निरोगी मोटरलाही आजारी ठरवू शकते. म्हणून शेडचे तापमान हीदेखील एक नोंद असावी. एका कारखान्यात आमच्या यंत्रणेने दर सुट्टीनंतरच्या पहिल्या तासात इशारा द्यायला सुरुवात केली. दोष होता तो थंड पडलेल्या ग्रीसचा, आणि तो तास आम्ही मॉडेलला शिकवलाच नव्हता. तोवर ऑपरेटरने इशाऱ्याचा दिवा कापडाने झाकून टाकला होता आणि त्याला दोष देण्याची आमची हिंमत झाली नाही.

म्हणून पहिले तीन महिने मॉडेलने फक्त नोंद करावी, मोटर बंद करू नये. आपत्कालीन थांब्याचे बटण आणि सुरक्षा पडदा (हात आत जाताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) यांचे सर्किट मॉडेलपासून कायमचे स्वतंत्र ठेवावे. इशारा आल्यावर कोणी, किती वेळात जाऊन पाहायचे, हे शिफ्टनिहाय लिहून लावावे. बदललेले बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी कापून पाहावे आणि खड्डा बाहेरील रिंगवर आहे की आतील, हे फोटोसह त्याच लॉगबुकात नोंदवावे. मॉडेलने ८६चा इशारा दिला होता की १३०चा, हे त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहावे.