जनुकीय चाचणीच्या नमुन्यात परका डीएनए मिसळू नये म्हणून

जनुकीय चाचणीच्या नमुन्याला बाहेरच्या धुळीपेक्षा मोठा धोका असतो तो त्याच लॅबमध्ये काल पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवण्याच्या पद्धतीने, तयार झालेल्या डीएनएचा. प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट होतो असे धरले, तर एका रेणूपासून 30 चक्रांत 100 कोटींहून अधिक प्रती होतात. अशी नळी उघडताना उडालेला, डोळ्यांना न दिसणारा तुषारसुद्धा दुसऱ्या रुग्णाच्या अहवालात शिरू शकतो.

म्हणून कामाची दिशा एकच असावी. रसायनांचे मिश्रण पहिल्या खोलीत, नमुन्यातून डीएनए काढणे दुसऱ्या आणि पीसीआर तिसऱ्या खोलीत करावे, आणि तिसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्या खोलीत परतू नये. प्रत्येक खोलीचे पिपेट (थेंब मोजून घेण्याचे साधन) वेगळे हवेत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण वही आणि पेन मात्र सर्रास हिंडत राहतात. कोल्हापुरात जुलैची झड लागली की ॲप्रन वाळत नाहीत आणि जो हाताशी येईल तो घातला जातो. तेव्हा खोलीनुसार ॲप्रनचे रंगच वेगळे ठेवावेत.

नमुन्याची नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी, म्हणजे झाकणाला चिकटलेला थेंब खाली बसतो. एका वेळी एकच नळी उघडी ठेवावी आणि पिपेटच्या टोकाला फिल्टर असलेल्या टिप वापराव्यात. स्पिरिटने टेबल पुसले की झाले, हा समज चुकीचा आहे, कारण स्पिरिटने जंतू मरतात, डीएनए नष्ट होत नाही. त्यासाठी एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे द्रावण रोज ताजे करून टेबलावर दहा मिनिटे राहू द्यावे आणि नंतर शुद्ध पाण्याने पुसावे, नाहीतर स्टील गंजते.

गालाच्या आतून स्वॅब घेताना रुग्णाने आधी अर्धा तास काही खाल्लेले नसावे, तंबाखूही नाही. रक्ताच्या नमुन्याबाबत अलीकडे रक्त चढवले होते का, हे विचारावे. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळण्याची शक्यता असल्याने आईचे रक्तही सोबत तपासावे.

प्रत्येक बॅचमध्ये डीएनएऐवजी पाणी घातलेली एक कंट्रोल नळी हवीच. एकदा माझ्या कंट्रोलमध्ये 36व्या चक्राला आलेखातली डीएनए वाढल्याची रेषा वर चढली, म्हणजे नुसत्या पाण्याच्या नळीतही डीएनए शिरला होता. दोष निघाला तो रोज उघडल्या जाणाऱ्या पाण्याच्या मोठ्या बाटलीत. तेव्हापासून पाणी आणि रसायने एकदाच वापरून टाकता येतील अशा लहान नळ्यांत भरून ठेवतो. अशी रेषा दिसल्यास त्या बॅचचा एकही अहवाल देऊ नये, उघडलेली रसायने टाकून द्यावीत आणि मूळ नमुन्यापासून चाचणी पुन्हा करावी.