वाद आपल्याच सोसायटीत पेटतो तेव्हा विज्ञानाची बाजू कशी मांडावी

श्रावण लागला की ठाण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या सभेत एक विषय येतोच. यंदाची मूर्ती शाडूची असावी की पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, आणि विसर्जन तलावात करावे की महापालिकेच्या कृत्रिम तलावात? पहिली काही मिनिटे चर्चा मूर्ती, पाणी आणि वर्गणी यांच्याभोवती फिरते. मग कोणीतरी विचारतो, ‘‘नियम फक्त आपल्याच सणाला का?’’ त्यानंतर प्रत्येक जण आपण कोणत्या बाजूचे आहोत हे दाखवण्यासाठी बोलू लागतो. एकीकडून ‘अंधभक्त’ हा शब्द येतो, दुसरीकडून ‘फुरोगामी’, आणि पीओपीच्या मूर्तीतले जिप्सम पाण्यात किती विरघळते हे सांगायला उभा राहिलेला माणूस आपण कोणाला मत देतो याचा खुलासा करत बसतो.

मी ठाण्यात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि अशा सभांना पंचवीस वर्षे बसतो आहे. विज्ञानावरचा विश्वास आणि दुसऱ्याच्या मतस्वातंत्र्याचा आदर या दोन्ही गोष्टी अशा वादात टिकवता येतात, असे मला वाटते. त्यासाठी समोरच्याला त्याची बाजू सोडायला लावावे लागत नाही. ती न सोडता त्याला वस्तुस्थिती मान्य करता यावी, एवढी वाट आपण मोकळी ठेवायची असते. ते कसे साधावे, हे मी इथे याच मूर्तीच्या उदाहरणाने सांगतो; लसीकरणाच्या, मोबाइल टॉवरच्या किंवा पाण्याच्या मीटरच्या वादालाही हीच रीत लागू पडेल.

तयारीची सुरुवात स्वतःपासून करावी. जी माहिती वाचून आपल्याला बरे वाटते आणि ‘‘बघा, मी म्हणत नव्हतो?’’ असे म्हणावेसे वाटते, ती सर्वात आधी तपासावी. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मे २०२० मध्ये कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध द्यावे की नाही यावरून जगभर दोन तट पडले होते. २२ मे रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध आला आणि त्यात हे औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे म्हटले होते. मला तो सोयीचा होता, म्हणून मी तो त्याच संध्याकाळी सोसायटीच्या गटावर टाकला आणि विरुद्ध मताच्या एका शेजाऱ्याला उद्देशून दोन कडक वाक्येही लिहिली. ज्या खासगी कंपनीने ती आकडेवारी पुरवली होती, तिने मूळ नोंदी त्रयस्थ तपासणीसाठी द्यायला नकार दिला आणि ४ जूनला तो निबंध मागे घेतला गेला. पुढे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाचा उपयोग होत नाही, हे रीतसर सिद्ध झाले. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर ठरला, पण ज्या आधारावर मी शेजाऱ्याला गप्प केले होते तो आधार टिकला नाही. मी गटावर तसे लिहून त्यांची क्षमा मागितली. माझ्या आधीच्या दहा संदेशांनी झाला नव्हता इतका परिणाम त्या एका संदेशाचा झाला, आणि तेव्हापासून ते शेजारी एखादा फॉरवर्ड खरा आहे का, हे मला आवर्जून विचारतात.

आपण शिकलेले आहोत, आकडे समजतात, म्हणून आपल्याकडून अशी चूक होणार नाही, असे मानू नये. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अकराशेहून अधिक अमेरिकी नागरिकांवर एक प्रयोग केला. आकड्यांचा एकच तक्ता काहींना त्वचेच्या मलमाचा म्हणून दिला आणि काहींना बंदुकांवरील निर्बंधांचा म्हणून. मलमाच्या तक्त्यात गणित चांगले असलेल्यांनी चांगली उत्तरे दिली. बंदुकीच्या तक्त्यात मात्र उत्तरे राजकीय बाजूप्रमाणे फाटली, आणि ही फाटाफूट ज्यांचे गणित चांगले होते त्यांच्यातच अधिक होती. हुशारी आपल्या बाजूच्या सेवेला किती सहज लागते, हे त्यातून दिसते. म्हणून सभेला जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवावे: माझे मत बदलायचे असेल, तर मला कोणता पुरावा दिसला पाहिजे? या प्रश्नाचे उत्तर सुचत नसेल, तर त्या विषयावर इतरांना विज्ञान सांगायला आपण अजून तयार नाही.

यानंतर प्रश्नाची फोड करावी, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. ‘पीओपी हवी की नको’ या एका वाक्यात किमान तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पदार्थाचे पाण्यात काय होते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. सण कसा साजरा करावा, हा आवडीचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. सर्वांसाठी नियम काय असावा, हा तिसरा. विज्ञान पहिल्याचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही, आणि तिसऱ्यात त्याची साक्ष लागते पण निकाल नागरिकांनी द्यायचा असतो. विज्ञानाचे नाव घेऊन आपण दुसऱ्या प्रश्नाचाही निकाल लावू लागलो की श्रद्धाळू माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तरही नाकारतो, आणि त्याचा तो राग अगदीच अकारण नसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोप्या शब्दांत द्यावे. जिप्सम साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. त्यात पाणी घातले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. एक लिटर पाण्यात जिप्सम सुमारे दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. पाच किलोच्या मूर्तीला याच हिशेबाने दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल. तलावात पाणी त्याहून कितीतरी जास्त असते, मग मूर्ती विरघळत का नाही, असा प्रश्न सभेत कोणी विचारलाच, तर त्याचे स्वागत करावे, कारण प्रश्न उत्तम आहे. स्थिर पाण्यात मूर्तीलगतचा थर लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी जिप्सम विरघळू शकत नाही, वरून रंगाचा लेप असतो, आणि त्यामुळे ती महिनोन् महिने तळाशी तशीच पडून राहते. शाडूची माती पाण्यात लवकर सुटते. तीही तळाशी गाळ करते आणि तिच्यावरचा रंग विषारी असेल तर नुसती माती नैसर्गिक असून उपयोग नाही, हे आपण होऊन सांगावे. आपल्या बाजूची उणीव आपणच आधी सांगितली की बाकीचे बोलणे ऐकले जाते.

‘विज्ञान सांगते’ हे शब्द टाळावेत. कोणी मोजले, कसे मोजले, तेवढे सांगावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती घरच्या घरी विरघळवण्याची पद्धत विकसित केली. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट उरते आणि वरच्या द्रावणातले अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते. ज्या घरात पीओपीची मूर्ती आधीच आली आहे, त्या घराला दोष देण्याऐवजी ही पद्धत सांगावी. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे पोट या धंद्यावर आहे, पीओपी हलकी, स्वस्त आणि लवकर वाळणारी आहे, हेही त्याच दमात मान्य करावे. चांगला नियम या माणसांचाही विचार करतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ‘‘नियम फक्त आपल्याच सणाला का?’’ या प्रश्नाला हसू नये आणि तो टाळूही नये. समान मोजमाप हेच उदारमतवादाचे हृदय आहे, आणि ठाण्यात ते दाखवायला आवाजाइतके चांगले उदाहरण नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट केले की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. मशिदीवरचा भोंगा, गणपतीसमोरचा डीजे, नेत्याच्या वाढदिवसाची मिरवणूक आणि आपल्याच सोसायटीतल्या लग्नाचा बँड, या सर्वांना मीटर एकच. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमिक असल्याने १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते; कानाला धर्म नसतो आणि या दहापटीला पक्ष नसतो. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून नाचवू नये, कारण शेजारी ठेवलेले दोन फोनही वेगळे आकडे दाखवतात. पण ज्याने काल भोंग्याची तक्रार केली, त्याने आज डीजेची केली पाहिजे आणि ज्याने डीजेची केली त्याने भोंग्याची. आपण स्वतः आपल्या बाजूच्या आवाजाविरुद्ध एकदा तरी बोललो आहोत का, हे सभेपूर्वी आठवून पाहावे. नसेल, तर आधी ते करावे.

मतांचे गठ्ठे सोडवणे हे पुढचे काम. अमुक पक्षाला मत देणाऱ्याने लसीबद्दल, भाषेबद्दल, नदीबद्दल आणि इतिहासाबद्दलही त्याच गठ्ठ्यातली मते घ्यायची, अशी आज सक्ती झाल्यासारखी वाटते. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. एकाच शाळेत शिकवणारे, एकाच वृत्तपत्रासाठी झटणारे हे दोघे पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर दुरावले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर दोघे समोरासमोर उभे राहिले. तरीही परकी सत्ता अन्यायकारक आहे, याबद्दल दोघांचे एकमत राहिले. शेजाऱ्याशी बोलताना हे विसरू नये. ‘‘तुमच्या पक्षाच्या भूमिकेबद्दल मला काही म्हणायचे नाही, मूर्तीच्या रंगाबद्दल म्हणायचे आहे’’, असे शब्दशः म्हणावे.

चुकीचा दावा समोर आला तर तो दुरुस्त करावा. दुरुस्तीने माणूस अधिकच हट्टाला पेटतो, अशी भीती एके काळी अभ्यासकांनाही वाटत होती. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी ५२ विषयांवर दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा तसा परिणाम जवळजवळ कुठेच आढळला नाही. माणसे दुरुस्ती बऱ्याच अंशी स्वीकारतात, मात्र त्यामुळे त्यांची राजकीय निष्ठा बदलत नाही. ती बदलावी, अशी अपेक्षाही आपण धरू नये. दुरुस्ती गटावर सर्वांसमोर करण्याआधी त्या व्यक्तीला फोन करावा, किंवा संध्याकाळी बागेत गाठावे. आजोबांच्या वयाच्या माणसाला सर्वांदेखत खोटे पाडले की विषय प्रतिष्ठेचा होतो आणि मग सत्याला जागा उरत नाही.

विरुद्ध मत मांडणाऱ्याला गटातून काढणे, त्याच्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे न देणे, त्याची वर्गणी परत करणे, हे प्रकार मी पाहिले आहेत, आणि ते करणाऱ्यांत माझ्या मताची माणसेही होती. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला. त्याचा रोख प्रामुख्याने जातपंचायतींवर होता, पण ती वृत्ती बाराव्या मजल्यावरही राहू शकते. विज्ञानाच्या बाजूच्या माणसाने तरी यात कधीच सामील होऊ नये. संविधानाच्या कलम ५१-अ मधील वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य चौकशीची वृत्ती आणि सुधारणा यांच्या सोबतच येते, आणि चौकशी करायची तर न पटणारे बोलणे कोणीतरी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

सभा संपताना इतिवृत्त नीट लिहून घ्यावे, कारण पुढच्या वर्षीचा वाद त्यावरच अवलंबून असतो. ठरावासोबत त्याची कारणे, ज्यांनी विरोध केला त्यांचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत, आणि फेरविचाराची तारीख, एवढे त्यात असावे. महापालिकेची त्या वर्षीची विसर्जनाची सूचना कोणीतरी मोठ्याने वाचावी. जुन्या वर्षाच्या आठवणीवर विसंबू नये, कारण या विषयातले आदेश बदलत आले आहेत. आमच्या सोसायटीने गेल्या खेपेस सार्वजनिक मूर्ती शाडूची ठेवली, घरगुती मूर्तींचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला आणि मिरवणूक दहाच्या आत संपवली. विरोध नोंदवणाऱ्या तिघांपैकी दोघांनी कृत्रिम तलावापर्यंत मूर्ती आणायला हात लावला. तिसऱ्यांनी लावला नाही, आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात जसाच्या तसा आहे.