इटलीतले रेल्वे तिकीट : कोणते घरून काढावे आणि कोणते स्थानकावर

रेल्वेचे आरक्षण म्हटले की ६० दिवस आधी सकाळी ८ च्या ठोक्याला संगणकासमोर बसण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्याच सवयीने इटलीच्या सहलीतले एकूण एक तिकीट घरूनच काढून ठेवण्याचा मोह होतो. तशी गरज नाही. मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असे म्हणून सगळेच लांबणीवर टाकणेही खिशाला जड जाते. तिकीट आधी काढायचे की ऐन वेळी, हे तिथे गाडीच्या प्रकारावर ठरते.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स या मोठ्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान गाड्यांची तिकिटे आधी काढावीत. या मार्गांवर सरकारी मालकीच्या त्रेनितालिया कंपनीची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो अशा दोन स्पर्धक सेवा आहेत, त्यामुळे दोन्हींचे दर पाहूनच निर्णय घ्यावा. एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर या गाड्या सुमारे दीड तासात कापतात. प्रत्येक तिकिटावर गाडी, डबा आणि आसन ठरलेले असते, प्रतीक्षायादी हा प्रकार नसतो, आणि भाडे विमानासारखे मागणीनुसार चढत जाते. स्वस्तातले तिकीट मात्र बहुधा बदलता येत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत, म्हणून शेंगेन व्हिसा हातात पडल्याशिवाय ते काढू नये. ज्या दिवशी विमान उतरणार त्या दिवसासाठी तर ते मुळीच काढू नये, कारण विमानाला झालेला उशीर किंवा पारपत्र तपासणीची रांग यांच्याशी रेल्वेला काही देणेघेणे नसते. त्या दिवशी चार पैसे जास्त देऊन बदलता येणारे तिकीट घ्यावे किंवा स्थानकावर पोहोचूनच काढावे. डिसेंबरच्या मध्यानंतरच्या गाड्या संकेतस्थळावर दिसल्या नाहीत तर गोंधळून जाऊ नये. युरोपातले नवे वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्रीपासून लागू होते आणि तोवरच्या गाड्या आधी खुल्या होतात.

दुसरा प्रकार ‘रेजोनाले’ म्हणजे प्रादेशिक गाड्यांचा. फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना किंवा ला स्पेत्सियाहून चिंक्वे तेर्रेच्या गावांकडे जाताना याच गाड्या लागतात. भाडे ठरलेले असते, महिनाभर आधी काढले तरी सहसा एक सेंटही वाचत नाही, आणि आसनाचे आरक्षणही नसते. त्यामुळे ही तिकिटे स्थानकावरच काढावीत. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. यंत्रातून किंवा खिडकीवर मिळालेले कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्राच्या फटीत सरकवून त्यावर तारीख आणि वेळ छापून घ्यावी लागते. मुंबईच्या लोकलची कूपने पंच केलेली ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. छाप नसलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी बिनतिकीटच असते आणि पर्यटक असल्याची सबब सहसा चालत नाही. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचेही गाडीत बसण्याआधी ‘चेक-इन’ करावे लागते.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेसही ठराविक भाड्याचीच असल्याने तिचे तिकीट उतरल्यावर काढले तरी चालते. हा प्रवास अवघ्या ३२ मिनिटांचा आहे.

पैसे भरण्याची तयारी मात्र घरूनच करून निघावे. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बहुधा बंद असते, ती ॲपमधून सुरू करून घ्यावी, आणि ओटीपी येणारा क्रमांक तिथे चालू राहील याची खात्री करावी. यंत्राने रक्कम रुपयांत घेऊ का असे विचारल्यास युरोच निवडावा, कारण रुपयांचा दर बहुधा चढाच लावलेला असतो. मोठ्या स्थानकांवर यंत्राशेजारी घुटमळणारा एखादा मदतनीस स्वतःहून बटणे दाबू लागला तर त्याला ठामपणे नको म्हणावे. तो रेल्वेचा कर्मचारी नसतो.

तिकीट काढताना स्थानकाचे नाव पूर्ण वाचावे. फ्लॉरेन्स तिथे ‘फिरेंत्झे’ होते, आणि व्हेनिसची दोन मुख्य स्थानके आहेत: मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे, तर सांता लुचिया हे कालव्यांच्या शहरातले. फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक ठळक असते, त्यामुळे रोमहून फ्लॉरेन्सला निघालेल्या प्रवाशाला मिलानो किंवा तोरिनो एवढेच दिसते आणि तो आपली गाडी शोधत राहतो. अशा वेळी तिकिटावरचा गाडी क्रमांक फलकावर शोधावा आणि त्यापुढच्या ‘बिनारियो’ या रकान्यातला आकडा पाहून त्या फलाटाकडे निघावे.