रिपोर्ट तयार, पण मेल पोचत नाही: आउटगोइंग सर्व्हर लावताना या चुका टाळा

"सर, कालपर्यंत जाऊन राहिला होता मेल, आज काहून नाही गेला?" महिन्याची पहिली तारीख आली की असा एक तरी फोन येतोच. पलीकडे कधी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला कारखाना असतो, कधी गांधीबागेतली कापडाची पेढी. रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअरही निरनिराळं: कुठे जॅस्पररिपोर्ट्स, कुठे मायक्रोसॉफ्टचं एसएसआरएस, कुठे मेटाबेस. चुका मात्र त्याच. विक्रीचा आणि येणेबाकीचा रिपोर्ट नीट दिसावा म्हणून पोरं आठवडेच्या आठवडे रंग आणि रकाने जुळवत बसतात, आणि तो पाठवणारा मेल सर्व्हर जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकतात.

लॉगमध्ये 'सक्सेस' आलं म्हणजे मेल पोचला, हा समज

रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर स्वतः कोणाच्या इनबॉक्सपर्यंत जात नाही. ते मेल आपल्या आउटगोइंग सर्व्हरच्या हाती देतं. सर्व्हरने २५० हा आकडा परत पाठवला की त्याचं काम संपलं, आणि तेच लॉगमध्ये 'सक्सेस' म्हणून उमटतं. ही ट्रान्सपोर्टवाल्याने फाडलेली बिल्टी आहे. माल अजून गोंदियाला उतरलेला नाही.

वाडीला अमरावती रोडवर गोडाऊन असलेल्या एका सुट्या भागांच्या वितरकाकडे नेमकं हेच झालं होतं. रोज संध्याकाळी चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडच्या डीलरांना त्यांची येणेबाकी मेलने जायला हवी होती. ऑफिसातल्या प्रत्येकाला मेल येत होता, डीलरांपैकी एकालाही नाही. सिस्टीम बघणाऱ्या पोराचं पालुपद एकच: "सर, लॉगमध्ये सक्सेस दाखवून राहिला ना! डीलर लोक स्पॅम पाहत नसतील." डीलरांनी स्पॅमही पाहून झालं होतं, आणि वसुलीचा माणूस फोनवर आकडे सांगून सांगून वैतागला होता.

घरच्यांना येतो आणि बाहेरच्यांना येत नाही, हे लक्षण ऐकलं की मी सॉफ्टवेअर उघडतसुद्धा नाही. आधी विचारतो, फ्रॉममध्ये कोणता पत्ता टाकलाय? इथे टाकला होता शेठजींचा जुना याहू डॉट कॉमचा पत्ता. "सगळ्या पार्ट्या मला याच ईमेलनं ओळखतात जी, रिपोर्ट माझ्याच नावानं गेला पाहिजे," हा त्यांचा हट्ट. पोराने शब्द झेलला, फ्रॉमच्या चौकटीत तो पत्ता टाकला आणि मेल पाठवायला लावला कंपनीचा स्वतःचा सर्व्हर.

आता याहूने एप्रिल २०१४ पासूनच आपल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदवहीत) डीएमएआरसी नावाची कडक नोंद करून ठेवली आहे: आमच्या डोमेनचं नाव लावून आलेला मेल आमच्याकडून आल्याचं सिद्ध होत नसेल, तर घेऊ नका. डीलर बहुतेक जीमेलवर होते, आणि जीमेल ही नोंद पाळतं. प्रत्येक मेल दारावरूनच परत जात होता. ऑफिसातल्यांना मिळत होता, कारण तो कंपनीच्या सर्व्हरबाहेर पडतच नव्हता; तिथे विचारणारं कोणी नव्हतं.

मग नकाराच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या? ज्याच्या नावाने मेल निघाला, त्याच्याकडे. शेठजींच्या याहूच्या इनबॉक्समध्ये 'मेलर डेमन'कडून आलेल्या मेलांचा ढीग साचला होता. त्यांना वाटलं व्हायरस शिरला. त्यांनी त्याच पोराला बोलावलं, आणि त्याने इमानेइतबारे फिल्टर लावून ते सगळे मेल थेट कचऱ्यात जातील अशी सोय करून दिली. मेल का नाकारला याचं कारण प्रत्येक चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं होतं. एकही उघडून वाचली असती तर हे प्रकरण दुसऱ्या दिवशीच मिटलं असतं.

उपाय शेठजींना दुखवणारा नव्हता. फ्रॉमला कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता, त्यासोबत दिसणारं नाव शेठजींचं, आणि रिप्लाय-टू मध्ये त्यांचा लाडका याहूचा पत्ता. डीलरला नाव ओळखीचं दिसतं, उत्तरही जुन्याच पत्त्यावर जातं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच लावून देतो. मालकाने कितीही सांगितलं तरी जीमेल-याहूचा पत्ता फ्रॉममध्ये टाकून कंपनीच्या सर्व्हरवरून पाठवू नका.

याच्या जोडीला एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली नोंद) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं एक तरी हवंच, रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीएमएआरसीही. मी लहान कंपनीलाही तिन्ही लावतो, नंतरची कटकट वाचते. एसपीएफमध्ये हमखास दिसणारा घोळ म्हणजे एकाच डोमेनला दोन नोंदी. एक होस्टिंगवाल्याने कधीतरी केलेली असते, दुसरी आपण नव्याने चिकटवतो. दोन नोंदी झाल्या की तपासणी करणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. जुन्या नोंदीतच नवा सर्व्हर जोडायचा, आणि 'इन्क्लूड' वगैरे मिळून डीएनएसची विचारणा दहाच्या वर जाऊ द्यायची नाही.

पोर्ट बदलून बदलून बघणे

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. मेल गेला नाही की पोरं पोर्टचे, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे, २५, ४६५, ५८७ असे आकडे फिरवत सुटतात. सोबत एसएसएलची (कुलूपबंद जोडणीची) खूण कधी लावतात, कधी काढतात. मग कधीतरी एक जोडी लागते, आणि का लागली ते कोणालाच माहीत नसतं. पुढे सर्व्हर हलला की पुन्हा तोच खेळ.

२५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचं पोर्ट. तुमच्या ऑफिसच्या आतला सर्व्हर ते घेत असेलही, पण मशीन क्लाउडवर नेली की खेळ संपतो. अ‍ॅमेझॉन, अझूर आणि गूगलच्या क्लाउडवर बाहेर जाणारं २५ सर्वसाधारणपणे अडवलेलंच असतं. ५८७ वर बोलणं साधं सुरू होतं आणि मग 'स्टार्टटीएलएस' म्हणून ते कुलूपबंद करायचं असतं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून कुलूप. म्हणून ४६५ वर साध्या बोलीने गेलात तर एररसुद्धा येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर समोरच्याच्या 'नमस्कारा'ची वाट बघतं, समोरचा टीएलएसची, म्हणजे त्या कुलपाची, वाट बघतो, आणि दोघेही गप्प.

त्यात जावाच्या मेल लायब्ररीत वाट बघण्याला मुळात मर्यादाच घातलेली नाही. शेड्यूलच्या खिडकीत काम 'चालू' दिसत राहतं आणि मागचे रिपोर्ट रांगेत तुंबतात. जॅस्परसारखं जावावर चालणारं काही असेल तर टाइमआउट स्वतः घाला. तो मिलिसेकंदात असतो, हे विसरू नका. सेकंद समजून ३० लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. मी ३०,००० लिहितो.

माझी पद्धत जुनाट आहे. सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी ज्या मशीनवर ते चालतं त्याच मशीनवर बसायचं (आपल्या लॅपटॉपवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने नव्हे!) आणि टेलनेटने, विंडोज असेल तर पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने, पोर्ट उघडं आहे का एवढंच बघायचं. नसेल तर फायरवॉलवाल्याशी बोला, पासवर्डशी झटापट करून काही होत नाही. उघडं असेल तर ओपनएसएसएलने कुलूप लागतं का आणि प्रमाणपत्र कोणाचं येतं ते बघायचं. प्रमाणपत्रावर सर्व्हरच्या कंपनीऐवजी अँटीव्हायरसचं नाव निघालं, असंही होतं. तो मध्ये बसून मेल तपासत असतो आणि जावा त्याला ओळखत नाही. हे सगळं हाताने जमलं की मगच सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरायचे. एका वेळी एकच सेटिंग बदलायची आणि वहीत लिहायची. पोरं हसतात वहीला. हसू द्या.

कोणाचा तरी पासवर्ड

अकाउंट्समधल्या मॅडमचं लॉगिन टाकून रिपोर्ट सुरू करायचे. मॅडम नोकरी सोडतात, आयटीवाला त्यांचं खातं बंद करतो, आणि रिपोर्ट बंद. रिपोर्टसाठी वेगळं खातं काढा, विषय संपला.

जीमेलचं खातं वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सवलत गूगलने ३० मे २०२२ पासून काढून घेतली. टू-स्टेप पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो, आणि मूळ पासवर्ड बदलला की तो अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो. "काहीच बदललं नाही सर" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा हेच बदललेलं असतं. ५३५ दिसलं की गाडी लॉगिनपाशी अडली आहे. पोर्टला हात लावू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर पासवर्ड बरोबर असूनही नकार आला, तर त्या खात्याला एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत) लॉगिनची परवानगी आहे का बघा. नव्या ग्राहकांना ती बंदच मिळते. लॉगिन एकाचं आणि फ्रॉम दुसऱ्याचं असेल तर तिथे 'सेंड अ‍ॅज' चा हक्कही लागतो.

थोडक्यात बाकीच्या

टेस्ट मेलचं बटण दाबलं, स्वतःच्या पत्त्यावर मेल आला, झालं काम, असं समजून घरी जाऊ नका. बटणाचा रस्ता वेगळा, शेड्यूलचा वेगळा. एसएसआरएसमध्ये ठरल्या वेळचे रिपोर्ट एसक्यूएल सर्व्हर एजंट सुरू असेल तरच निघतात, आणि ती सेवा पुष्कळ ठिकाणी 'मॅन्युअल'वर सोडलेली असते. मे महिन्यात लाइट जाते, यूपीएस दम तोडतो, सर्व्हर पुन्हा उठतो. एजंट मात्र झोपलेलाच. तो 'ऑटोमॅटिक' करा. चाचणी बाहेरच्या जीमेलवर, शेड्यूल लावूनच करा. आणि हो, चाचणीला खरी डीलरांची यादी वापरू नका. एकाची उधारी दुसऱ्याला कळली की निस्तरायला मेल सर्व्हर येत नाही.

ऑफिसातल्या रिले सर्व्हरला (इतर मशीनचा मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरला) "सगळ्या आयपींना परवानगी" देऊन मोकळं होणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. स्पॅमवाले तो सर्व्हर शोधून काढतात, आयपी काळ्या यादीत जातो, मग अख्ख्या कंपनीचा मेल अडतो. फक्त रिपोर्टच्या मशीनचा आयपी द्या.

मेलमधली लिंक उघडत नाही? जॅस्परच्या शेड्यूलर सेटिंगमध्ये पत्ता लोकलहोस्टचाच राहिला असेल. मेटाबेसमध्ये साइट यूआरएल बघा.

मोठी एक्सेल फाइल. जीमेलवरून पाठवायची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जोडताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे खरी मर्यादा १८ एमबीच्या आसपास. एवढी मोठी फाइल मेलवर कोण वाचतो, हेही एकदा विचारा.

काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्यांदा ४५० किंवा ४५१ देऊन "थोड्या वेळाने या" सांगतात. रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच थेट बाहेर पाठवत असेल, तर ते बरेचदा पुन्हा जात नाही, मेल टाकून देतं. म्हणून लिनक्सची मशीन हाताशी असेल तिथे मी मध्ये पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवतो: ऐकायचं फक्त रिपोर्टच्या मशीनचं, पुढे पाठवायचं कंपनीच्या मेलवाल्याकडे ५८७ वरून. तो रांग ठेवतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मुळातल्या सेटिंगमध्ये पाच दिवस हार मानत नाही, आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो. काहींना ही जास्तीची भानगड वाटते. मला रात्री येणारे फोन कमी झालेले आवडतात.

सकाळी नऊचा रिपोर्ट दुपारी अडीचला येत असेल तर मेल सर्व्हरला दोष देऊ नका. क्लाउडवरची मशीन यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, आहे. शेड्यूलचा टाइमझोन भारताचा करा, नाहीतर वेळ ३:३० टाका.