मंडळीत (म्हणजे चर्चमधे) जबाबदारी मिळालीय? मग या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

आमच्याकडे कुणाला युथ लीडर केलं की सगळ्यात आधी काय होतं सांगू? त्याचं बायबल वाचन बंद पडतं. हसू नका, खरंच सांगतोय. म्हणजे बायबल हातात आधीपेक्षा जास्त वेळ असतं पण वाचतो तो दुसऱ्यांसाठी. मी नाशिकमध्ये एका मंडळीत गेली सतरा वर्षं काही ना काही करतोय, आधी संडे स्कूल, मग युथ, आता घरोघरच्या प्रार्थना, मधे दोन वर्षं खजिनदार पण होतो, आणि हे सगळं सातपूरच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून. पाळक (पास्टर) नाही, थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, त्यामुळे याला प्रवचन समजू नका, गाडी बंद पडली की शेजारचा माणूस "प्लग बघितला का" म्हणतो ना, तसं समजा.

आधी एक द्राक्षाची गोष्ट, कारण नाशिककराला त्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या लाइनवर निफाडचा एक जण आहे, त्याची दोन एकर बाग. मी एकदा सहज विचारलं, ऑक्टोबरची छाटणी महत्त्वाची का एप्रिलची? तो म्हणाला, ऑक्टोबरात घड फक्त दिसतो रे, तयार झालेला असतो तो उन्हाळ्यातच. एप्रिलमधे खरड छाटणी करतात, वेल पार बोडका करून टाकतात, मग नवीन काडी येते आणि पुढच्या दीडदोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यात घड आतल्या आत तयार होतो, बाहेरून काहीच कळत नाही. तेव्हा पाणी, ऊन, खत यात हयगय झाली की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कितीही फवारण्या मारा, घड कमी निघतात, नाहीतर निघालेले जिरतात. बायबलमधल्या योहान १५ मधला, येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो भाग मी शंभरदा ऐकलाय पण खरा कळला तो त्या दिवशी कँटीनमधे, कारण मंडळीतल्या आपल्या बहुतेक भानगडी ऑक्टोबरात दिसतात आणि झालेल्या असतात एप्रिलात. आपण मात्र ऑक्टोबरातच औषध मारत बसतो.

तर आता चुका.

तयारीलाच शांत समय समजणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. वचन वाचताना "हे अमक्याने ऐकायला पाहिजे" असं डोक्यात आलं की समजा तुमचा शांत समय (म्हणजे रोजचं फक्त स्वतःसाठीचं वाचन आणि प्रार्थना) संपला आणि मेसेजची तयारी सुरू झाली. माझं तर असं झालं होतं की गलतीकरांस पत्रातली आत्म्याची फळं वाचतानाही मी मनात तीन पॉइंट आणि एक उदाहरण काढत होतो, आणि सहनशीलता या शब्दावर असतानाच शेजारच्या गल्लीतल्या डीजेला शिव्या घालत होतो.

उपाय म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तयारीची वही वेगळी आणि सकाळचं वाचन वहीशिवाय, पेनसुद्धा जवळ ठेवायचं नाही. दुसरं, मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि बायबल ॲप नाही, छापील पुस्तक, कारण ॲप उघडायला गेलं की वरती व्हॉट्सॲपचे ४३ मेसेज दिसतातच. पंधरा मिनिटं पुरे आहेत सुरुवातीला. मार्क १:३५ सगळ्यांना पाठ असतं, येशू पहाटे उठून एकांतात गेला, पण त्याच्या आधीची संध्याकाळ वाचा, सगळं गाव दारात जमलेलं, रोगी बरे होतायत, आणि सकाळी शिष्य शोधत येतात की सगळे तुम्हाला शोधतायत. एवढी डिमांड असताना तो म्हणतो चला, दुसऱ्या गावांत जाऊ. मी असतो तर तिथेच हॉल भाड्याने घेतला असता.

सगळ्या किल्ल्या आपल्याच खिशात

हॉलची किल्ली माझ्याकडे. ॲम्प्लिफायरच्या कपाटाची माझ्याकडे. गाण्यांच्या पीपीटीचा पासवर्ड मलाच माहीत. लोक म्हणायचे ब्रदर तुमच्याशिवाय पान हलत नाही, आणि मी वरवर "नाही नाही, प्रभूची कृपा" म्हणायचो आणि आतून फुगायचो. मग एका डिसेंबरात मला डेंगी झाला, ऐन कॅरल राउंडच्या (नाताळची गाणी म्हणत घरोघरी जायच्या) आठवड्यात, आणि सिडकोत वीस पोरं गिटार घेऊन उभी आणि माइकची वायर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. ताप १०३ आणि मी फोनवर सांगतोय की निळ्या पिशवीत बघ, नाही रे ती निळी नाही, दुसरी निळी. बायकोने फोन काढून घेतला आणि बंद केला. पोरं तशीच गेली, माइकशिवाय, आणि नंतर सगळे म्हणाले की यावर्षी कॅरल मस्त झाली, आवाज कानात बसला नाही. मला काय वाटलं असेल बघा.

निर्गमच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो हेच बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रांगेत उभे आणि मोशे एकटा न्याय करतोय. तो सरळ सांगतो की हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. त्यातला लोकही थकतील हा भाग आपण विसरतो, आपल्याला वाटतं आपणच झिजतोय, खरं तर रांगेतल्यांचाही दिवस वाया जातो. बाकी सासऱ्याचं ऐकणारा जावई हाच मोठा नम्रपणा आहे म्हणा.

करायचं काय, तर प्रत्येक कामाला एक जण शिकाऊ जोडा आणि त्याला बिघडवू द्या. हे "बिघडवू द्या" फार अवघड आहे. पोराने पीपीटीत दुसरं कडवं गाळलं की हात शिवशिवतात. खिशात घाला ते.

प्रार्थना विनंतीच्या नावाखाली चहाड्या

हे लिहिताना मला अजून लाज वाटते पण लिहितो. आमच्यातल्या एकाची अंबडमधली नोकरी गेली. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, प्रार्थना करा म्हणून. मी त्याच रात्री ग्रुपवर टाकलं, नाव घालून, हात जोडलेले इमोजी लावून, अमक्या ब्रदरच्या नोकरीसाठी प्रार्थना करा. मनात खोट काही नव्हती, निदान मला तेव्हा असंच वाटत होतं. त्याने घरी बायकोला सांगितलेलंच नव्हतं, रोज डबा घेऊन बाहेर पडायचा, आणि तिला ते कळलं माझ्या मेसेजवरून, तेही तिच्या जावेने फॉरवर्ड केल्यावर. तो माणूस त्यानंतर आठ महिने मंडळीत आला नाही. मी घरी गेलो, माफी मागितली, त्याने पाणी दिलं, चहा दिला, पण बोलला काही नाही.

नंतर नीट विचार केला तेव्हा कळलं की मला त्याची काळजी होती हे खरं, पण "मला आधी कळलं" ही चव पण होती. पुढाऱ्याला लोकांची गुपितं कळतात आणि त्याची नशा असते. ती दारूपेक्षा वाईट, कारण वास येत नाही. आता माझा नियम असा, की सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारायचं, हे कुणाकुणाला सांगू? तो कुणालाच नको म्हणाला की माझ्या बायकोलाही सांगायचं नाही. ग्रुपवर टाकायचं तर मजकूर त्याला आधी दाखवायचा. आणि कुणी माझ्याकडे येऊन "प्रार्थनेसाठी सांगतोय हं, पण ती अमकी आहे ना…" असं सुरू केलं की मी म्हणतो चला आत्ताच करू प्रार्थना, डोळे मिटा. निम्म्या गोष्टी तिथेच थांबतात.

पैसे

यावर थोडक्यात आणि रोखठोक. मंडळीचे पैसे स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. पिकनिकचे असोत, नाताळच्या केकचे असोत, कुणाच्या दवाखान्याला गोळा केलेले असोत. मी घ्यायचो, कारण सोपं पडतं, आणि मग महिनाअखेरीला आपला कुठला आणि मंडळीचा कुठला हे कळेनासं होतं, त्यात आपला हप्ता कापला जातो आणि खात्यात मंडळीचे पैसेच नसतात. चोरी नव्हती हो ती, पण हिशोब मागितल्यावर माझा चेहरा चोराचाच झाला होता, मी उलट विचारणाऱ्यावरच चिडलो, विश्वास नाही का म्हणून. हिशोब मागितल्यावर राग येतोय हे स्वतःच एक लक्षण आहे, लिहून ठेवा.

२ करिंथकरांस ८ मधे प्रेषित पौल गोळा केलेल्या दानाबरोबर आपला सोबती तीत याला एकट्याला पाठवत नाही, आणखी भाऊ सोबत देतो, का तर कुणाला दोष द्यायला जागा राहू नये. पौलाला याची गरज वाटली तर आपण कोण लागून गेलो? अर्पण दोघांनी मोजायचं (नवराबायको नाही, दोन वेगळ्या घरचे), तिथेच वहीत लिहायचं, दोघांची सही, वहीचा फोटो तिसऱ्याला. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक छोटी चूक, यूट्यूबवरच्या प्रचारकाचा आवाज काढू नका. सिन्नरचा पोरगा अचानक "आमेन कोई बोलेगा" असं हिंदीत ओरडायला लागला की म्हातारी माणसं घाबरतात. आपलं आपल्या मराठीत बोला, देवाला कळतं.

घरी वेगळा माणूस

बायको एकदा म्हणाली, तुम्ही मंडळीत फोन उचलताना जय ख्रिस्त इतकं गोड म्हणता की मला वाटतं मी पण एकदा मंडळीतूनच फोन करून बघावा. १ तीमथ्य ३ मधे पुढाऱ्याची यादी आहे ना, त्यात वक्तृत्व फार थोडं आहे हो, एक "शिकवण्यात निपुण" सोडलं तर बाकी सगळं स्वभावाचं आणि घरचं: भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, पाहुणचार करणारा, घर नीट चालवणारा. आम्ही लीडर निवडताना मात्र बघतो गिटार येतं का.

माझी चाचणी द्वारका चौक. संध्याकाळी सातला ट्रॅफिकमधे पुढच्या रिक्षाने मधे घुसवली की तोंडातून काय निघतं, ते. मागच्या सीटवर मुलगी असते, तिला बापाचं प्रवचन आठवणार नाही, हे आठवेल. आणि माफी मागायची तर नीट मागा. "कुणाचं मन दुखावलं असेल तर" ही माफी नाही. दावीद राजाने पाप केल्यावर त्याच्याकडे नाथान संदेष्टा येतो, कोकराची गोष्ट सांगतो, आणि दावीद शेवटी म्हणतो मी पाप केलंय, बस, त्यात "असेल तर" नाही. तुमच्या आयुष्यात नाथान आहे का, म्हणजे तुम्हाला तोंडावर सांगू शकेल असा एक तरी माणूस, जो तुमच्या हाताखालचा नाही? नसेल तर आधी तो शोधा, बाकीचं नंतर वाचा. मी मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांना विनंती केली, महिन्यातून एकदा मिसळ खायला जातो, ते तीनच प्रश्न विचारतात: घरी कसं, पैशात कसं, कुणावर राग धरलाय. तिसऱ्याला माझा रस्सा गार होतो.

थकवा आला की आपण लगेच म्हणतो सैतानाचा हल्ला. असेलही. पण एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं सगळं नंतर. रात्रपाळी करून उपास धरणाऱ्या पोरांनो, आधी झोपा.

शेवटची चूक म्हणजे कुणी बघत असल्याशिवाय काम न करणं. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण तिथली एक गोष्ट कमी लोकांना माहिती आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनमधे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायची, शिकायची. त्यातला एक जेकब वेनराइट. मे १८७३ मधे आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा तो त्यांच्या माणसांत होता. साहेब गेला, पगाराची खात्री नाही, बघायला कुणी नाही, सोडून पळाले असते तरी कुणी विचारलं नसतं. त्या लोकांनी ठरवलं की देह परत न्यायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना वाचली जेकबने, आणि मग दीड हजार किलोमीटरच्या वर चालत फेब्रुवारी १८७४ मधे किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. एप्रिलमधे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा जेकब तिथे होता, पण बरोबरच्या बहुतेकांना किनाऱ्यावरच पगार देऊन घरी पाठवलं होतं. त्यांची नावं आपल्याला येत नाहीत. मला आभाराच्या यादीत नाव राहिलं म्हणून दोन रविवार राग होता, तेव्हा हे वाचलं होतं.

आता ताजी खबर. हॉलच्या किल्ल्या मी तिघांना वाटून दिल्या, एकही माझ्याकडे ठेवली नाही. मागच्या रविवारी तिघेही उशिरा आले. आम्ही सातआठ जण पायरीवर बसलो, एका आजीने भजन सुरू केलं, टाळ्यांवर, आणि उपासना वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मी पोरांना काही बोललो नाही. निदान आमेन होईपर्यंत तरी.