मॅट्रिक्सच्या प्रथिनांवर रोगप्रतिकारक पेशी वाढवताय? या चुका टाळा

फायब्रोनेक्टिनची (पेशींभोवतीच्या जाळ्यातल्या, म्हणजे मॅट्रिक्समधल्या, एका प्रथिनाची) कुपी हातात पडली की नवख्यांना पेशी वाढवायची प्लेट कोट करायची भलतीच घाई होते. दुसऱ्या दिवशी पेशी चिकटलेल्या, पसरलेल्या दिसतात आणि निष्कर्ष तयार असतो: ‘फायब्रोनेक्टिनमुळे पेशी परिपक्व झाल्या.’ प्लेटच्या त्या वेलमध्ये (खळग्यात) फायब्रोनेक्टिनशिवाय आणखी काय काय होतं, हे मात्र कुणी तपासत नाही.

सगळ्यात जास्त घात करतं ते एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं विष (एलपीएस). मॅट्रिक्स प्रथिनांचे बरेच तुकडे ई. कोलाय जिवाणूत तयार करतात, आणि त्या जिवाणूचं एलपीएस प्रथिनासोबत येतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते आरामात जातं, ऑटोक्लेव्हलाही फारसं दाद देत नाही. मॅक्रोफेज आणि डेन्ड्रिटिक या रोगप्रतिकारक पेशींना त्याचा अंशही पुरतो. एका प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनीने मला असाच निकाल दाखवला होता. फायब्रोनेक्टिनच्या तुकड्यावर डेन्ड्रिटिक पेशींचं सीडी८६ (परिपक्वतेची खूण) वाढलेलं, टीएनएफ (दाहाचा संदेशरेणू) भरपूर, पोस्टरसुद्धा छापायला निघालेलं. मी म्हटलं, तेच प्रथिन उकळून घाल आणि पुन्हा बघ. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, एलपीएस टिकतं. निकाल जसाच्या तसा आला. एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर मात्र टीएनएफ कोसळलं. कित्येक महिन्यांची मेहनत गेली, तीही एंडोटॉक्सिन मोजणारी एक एलएएल चाचणी वाचवण्यापायी. तेव्हापासून नवा लॉट आला की आधी एलएएल, सोबत उकळलेल्या नमुन्याची एक वेल, आणि मगच पेशी. बाटलीवरच्या ‘निर्जंतुक’ या शब्दाचा एंडोटॉक्सिनशी काही संबंध नाही.

दुसरा घोळ सीरमचा. १० टक्के सीरमच्या माध्यमात व्हिट्रोनेक्टिन हे पेशींना चिकटवणारं प्रथिन असतंच, आणि ते प्लास्टिकवर झपाट्याने बसतं. म्हणजे तुमची ‘कोट न केलेली’ कंट्रोल वेलही कोट झालेलीच असते! उरलेली जागा बीएसएने (गायीच्या अल्ब्युमिनने) अडवा, पेशी पहिला तासभर सीरमशिवाय चिकटू द्या. पॉली-लायसिनची एक वेल मी कधीच गाळत नाही. तिथे पेशी विद्युतभारामुळे चिकटतात, म्हणून ‘चिकटणं’ आणि ‘इंटेग्रिनमार्फत (पेशीवरच्या, मॅट्रिक्सला धरणाऱ्या रेणूंमार्फत) संदेश मिळणं’ वेगळं करता येतं.

आरजीडी पेप्टाइड (इंटेग्रिनची पकड अडवणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) घातलं, तरी पेशी सुटल्या नाहीत, म्हणजे इंटेग्रिनचा संबंध नाही, असं लिहून मोकळे होणारेही भेटतात. व्हीएलए-५ हे इंटेग्रिन आरजीडीला धरतं हे खरं, पण व्हीएलए-४ हे दुसरं इंटेग्रिन फायब्रोनेक्टिनच्या सीएस-१ भागाला धरतं. लिम्फोसाइट आणि रक्ताच्या मूळपेशींवर व्हीएलए-४ भरपूर असतं. दोन्ही वाटा अडवल्याशिवाय बोलू नका.

नुसत्या फायब्रोनेक्टिनवर विश्रांत टी पेशी वाढतील ही अपेक्षाही सोडा. अँटी-सीडी३ (टी पेशींना मुख्य संदेश देणारं प्रतिपिंड) सोबत एकाच पृष्ठभागावर बसवलं की विभाजन वाढतं, हे १९९० च्या सुमारास दाखवलं गेलं. मॅट्रिक्स मुख्य संदेशाला जोर देतं, त्याची जागा घेत नाही.

फायब्रोनेक्टिन व्हॉर्टेक्स करू नका, त्याचे धागे होऊन खाली बसतात. लॅमिनिन (हेही मॅट्रिक्सचंच प्रथिन) ४ अंशांवर सावकाश वितळू द्या. कोलाजेन आम्लात असतं, ते आम्ल न धुता पेशी टाकल्या तर मरणारच. कोटिंग वाळू देऊ नका. मात्रा माध्यमाच्या मिलिलिटरवर नव्हे, पृष्ठभागाच्या चौरस सेंटिमीटरवर ठरवा. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीतून काढतात, त्यात लॅमिनिनसोबत वाढघटकही असतात आणि दर लॉट वेगळा निघतो. ‘शुद्ध लॅमिनिनचा परिणाम’ म्हणून ते खपवणं मला अजिबात पटत नाही.

पेशी सोडवायला ट्रिप्सिन वापरलंत, तर पृष्ठभागावरचे काही रेणू कापले जातात. लगेच फ्लो सायटोमेट्री (पेशीवरचे रेणू मोजायची पद्धत) केली की ते ‘कमी झालेले’ दिसतील. मी थंड ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) वापरते, मग मॅग्नेशियम असलेल्या माध्यमात पेशी धुते, कारण इंटेग्रिनला पकड घ्यायला ते लागतंच. मॅक्रोफेज यानेही हट्टाने सुटत नाहीत. अशा वेळी त्यांना खरवडण्यापेक्षा वेलमध्येच रंगवून मोजा.