मासेमारीची होडी घेताना घरच्यांनाही सोबत न्या

मासेमारीसोबत घरच्यांना फिरवायलाही नवी फायबरची होडी घेणार असाल, तर बघायला जाताना बायको-मुलांना सोबत न्या आणि होडी ओहोटीला पाण्यात उतरवून बघा. तेव्हा होडी जेट्टीच्या बरीच खाली असते; वरून उडी मारून चढणं आपल्याला सवयीचं, घरातल्या आजीला नाही. काठ गुडघ्याच्या वर येतो का, हे आधी बघा. जाळं ओढायला काठ खाली असलेला बरा वाटतो, पण लहान पोर वाकलं की तोच धोका. मधला मार्ग म्हणजे काठाच्या आतून पकडायला पाइप लावून घेणं. बसायची फळी उचलता येईल अशी करून घ्या, म्हणजे मासेमारीच्या दिवशी तिथे जाळं आणि बर्फाची पेटी राहील.

इंजिनाच्या ताकदीवर भाळू नका. खाडीच्या तोंडाशी लाट फुटते, तिथे चार माणसं बसवून होडी कशी चढते ते चालवून बघा. रिकामी होडी सगळ्यांचीच छान पळते. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची वेगळी घ्या, मोठ्यांची त्यांच्या अंगातून निसटतात.

एक मात्र लक्षात ठेवा: मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक भाड्याने फिरवता येत नाहीत, त्याला मेरीटाइम बोर्डाची, म्हणजे बंदरं आणि जलवाहतूक बघणाऱ्या सरकारी मंडळाची, वेगळी परवानगी लागते. खरेदीचं बोलणं जून-जुलैच्या मासेमारीबंदीत करा, विकणाऱ्यालाही तेव्हा सवड असते.